तू कुठल्या नदीची?

बहरीनमध्ये नदी नाही. ओढा नाही, ओहोळ नाही, पाट नाही. जनाबियाला आमच्या गल्लीत पावसाळी गटारसुद्धा नव्हतं, कारण पावसाळाच नव्हता. अशा मुलखात एखादी परकी बाई दारात उभी राहून तुम्हाला विचारते, "तू कुठल्या नदीची?" तर तुम्ही काय सांगाल? माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कृष्णेची." लग्न होऊन तिथे गेले त्याला महिनाही झाला नव्हता. कुणी नाव विचारलं तर नव्या आडनावाशी अजून अडखळायचे, पण नदी एका दमात सांगितली. बाई खूश. माझा हात दोन्ही हातांत धरून तिने हापशाच्या दांड्यासारखा खालीवर केला आणि म्हणाली, मला वाटलंच, चालण्यावरून कळतं. काय कळतं ते तिलाच ठाऊक. मला नव्या चपला चावत होत्या म्हणून मी लंगडत होते.

ती अमेरिकन. पन्नाशी गाठलेली, उंच, केस पांढरे आणि पुरुषासारखे कापलेले. पायात कायम गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. चिखलाचे बूट ते, आणि चिखल बघायचा तर आमच्या गल्लीतल्या पोरांना विमानाचं तिकीट काढावं लागलं असतं. पण तिचं म्हणणं, सवय मोडली की माणूस मोडतो. समुद्रातून सौदीपर्यंत पूल बांधायचं काम तेव्हा चाललं होतं, तिथे तिचा नवरा मोठमोठ्या यंत्रांवर होता. तो बोलायचा नाही. त्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नव्हती म्हणा. आमचे हे मनामाला बँकेत, सकाळी जायचे ते दिवे लागताना यायचे. मी दिवसभर घरी. मग झालं काय, की त्या बाईचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं. ती बोलायची इंग्रजीत, पण मी इथे मराठीत सांगते आणि त्यात मला काही जड जात नाही. तिचं इंग्रजीही गावाकडचंच होतं.

गल्लीने तिचं नाव 'नदीवाली' पाडलं. माणूस भेटलं की ती नोकरी विचारायची नाही, देश विचारायची नाही, नदी विचारायची, आणि नदीवरून माणसाची किंमत करायची. नाक्यावरचा इजिप्तचा डॉक्टर तिच्या लेखी फार थोर माणूस, कारण त्याची नाईल. वास्तविक त्याच्या औषधाने माझा साधा खोकलाही हटला नव्हता. शेजारच्या घरात केरळची लिलम्मा होती, सरकारी दवाखान्यात नर्स. तिने पंपा नदी सांगितली तेव्हा तिला बसायला खुर्ची आणि खायला केक मिळाला. पंचाईत झाली ती आमच्या यांची. हे मुंबईचे. बिचाऱ्यांनी आपली मिठी नदी सांगितली. मग रुंद किती, मासे कुठले, पोरं पोहायला जातात का, अशी चौकशी सुरू झाली आणि यांनी खरं ते सांगून टाकलं. त्या दिवसापासून ती यांच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलायची.

आमचा घरमालक म्हातारा बहरीनी. तरुणपणी मोती काढायला समुद्रात बुड्या मारलेला माणूस. त्यालाही तिने सोडलं नाही. मला वाटलं, आता हा चिडणार आणि आमच्या खोलीच्या भाड्यावर निघणार. म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमची नदी समुद्राच्या खाली आहे." आणि ते खरं होतं. तिथे समुद्राच्या तळाला गोड्या पाण्याचे झरे आहेत. पूर्वीचे लोक बुडी मारून पखाली भरून आणायचे. हे ऐकून नदीवाली पायरीवर मटकन बसली. मग कित्येक दिवस भेटेल त्याला सांगत होती, नदी समुद्राखाली ठेवणं आमच्या गावालासुद्धा सुचलं नाही.

तिचं गाव! आता मी काही त्या गावाला गेलेली नाही. पण डोळे बांधून सोडलंत तरी पोस्टापासून पुलापर्यंत न अडखळता जाऊन दाखवीन. दोन डोंगररांगांच्या मधलं खोरं, खोऱ्यात नदी, नदीच्या एका अंगाला एकच रस्ता आणि रस्त्याला लागून गाव. नदी वळेल तसा रस्ता वळतो, कारण नदी आधीची. दुकान एकच, त्यात खिळे, बी-बियाणं, बूट, बिस्किटं आणि कोंबड्यांचं खाद्य. दुकानाबाहेर बाक, आणि त्या बाकावर कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं. एक म्हातारा गेला तेव्हा त्याची जागा पुढच्या हंगामापर्यंत कुणी घेतली नव्हती. गावचा न्हावी होता तोच मयताचीही तयारी करायचा, त्यामुळे त्याच्या खुर्चीत बसल्यावर कुणी डोळे मिटत नसे. टेलिफोनची बाई सगळ्यांचे फोन जोडून द्यायची आणि ऐकायचीही. कुणी पाहुण्याला वाट चुकीची सांगितली तर मध्येच बोलून दुरुस्त करायची. पोस्टाच्या भिंतीवर प्रत्येक पुराची खूण कोरलेली आणि खुणेशेजारी त्या पुरात जन्मलेल्या पोराचं नाव. सफरचंदं उतरली, मका निघाला, की चर्चच्या अंगणात लांबच लांब टेबलं मांडून सगळ्या गावाचं जेवण. प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा, आणि जिचं भांडं आधी रिकामं होईल ती बाई वर्षभर मान वर करून चालणार. हे ऐकताना मला सारखं वाटायचं, अगं बाई, हे तर आमच्याच गावचं चाललंय. नावं तेवढी तोंडात न बसणारी.

गावाचा पूल लोखंडी, एका गाडीपुरता. मध्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं. कुणी? तर ज्याचं घर जवळ त्याने, कारण दुसऱ्याला अजून लांब जायचंय. हा तिथला कायदा, आणि मोडणाऱ्याशी लोक बोलणं टाकत. एकदा दोन सख्खे भाऊ पुलावर समोरासमोर आले. दोघांचीही घरं सारखीच लांब. कुणी हटेना. दोघांच्या बायकांनी दुपारचं जेवण पुलावर नेऊन दिलं. शेवटी पाणी चढायला लागलं तेव्हा दोघं एकदमच मागे गेले, ते पुढे आयुष्यभर बोलले नाहीत. ही गोष्ट सांगून झाली की ती म्हणायची, पण चूक मोठ्याचीच. आणि कधी न बोलणारा तिचा नवरा पेपराआडून म्हणायचा, "धाकट्याची." तेवढ्यावरून त्या घरात अबोला सुरू. म्हणजे तिचा. त्याचा असायचाच.

तो कायदा तिने बहरीनलाही लागू केला. रिफाकडे जाताना एका ठिकाणी रस्ता खोदून ठेवला होता, एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून ट्रक आला. हिने गाडी थांबवली, काच खाली केली आणि ट्रकवाल्याला विचारलं, तुझं घर कुठे? तो पठाण. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "पेशावर." झालं. बाईने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. आमच्या पाठीमागे गाड्यांची रांग, 'यल्ला यल्ला' म्हणत सगळे हॉर्न वाजवतायत, आणि ही खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांना सांगतेय की अरे, त्याला पेशावरला जायचंय. मी शेजारी तोंडावर पदर घेऊन बसले होते. पण लोक सरकले हो. कसे ते मला अजून कळलेलं नाही.

आमची मैत्री झाली ती मात्र एका भांड्यापायी. मी नवीन आले तेव्हा काचेच्या पसरट भांड्यात ती सफरचंदाचं काहीतरी गोड, वर खुसखुशीत पापुद्रा असलेलं, घेऊन आली होती. आता आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का? मी त्यात शिरा भरून दिला. दोन दिवसांनी भांडं परत हजर, आत लोण्यातले बटाटे. मी कांदेपोहे पाठवले. तिने मक्याचा पाव पाठवला. मी घावन, तिने भोपळ्याची वडी. मी यांना म्हणत होते, ही बाई दमत कशी नाही, मी परतफेड केली की पुन्हा हिचं आहेच. आणि तिकडे ती नवऱ्याला म्हणत होती, या पोरीला कुणीतरी आवरा, हिच्या उपकारातून मी कधी सुटायची. आख्खा उन्हाळा असा गेला. आम्ही दोघी अंगाने सुटलो, आमचे हे सुटले, तिचा नवरा तर खुर्चीतून उठताना खुर्ची घेऊन उठायला लागला. शेवटी लिलम्माने दोघींना समोरासमोर बसवून विचारलं, तुमचं चाललंय काय? तेव्हा कळलं, की तिच्या गावातही रिकामं भांडं परत करणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि पोट धरधरून हसलो. आता थांबवायचं तर कुणीतरी एकीने रिकामं द्यायला हवं. ते दोघींनाही जमेना. मग थांबवलंच नाही. अगदीच जमलं नाही त्या दिवशी मी चिमूटभर साखर घालून द्यायचे, आणि ती एकदा त्या एवढ्या मोठ्या भांड्यात एकच लिंबू घालून आली होती.

दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणाला सांगायला हवं? सातव्या महिन्यात जायचं, आईच्या हातचं खायचं, लोळायचं, आईची बोलणी खायची, आणि मग काय ते व्हायचं. सगळं ठरलं होतं. आणि सहावा सरता सरता माझ्या पायांना सूज आली, ब्लडप्रेशर निघालं, आणि डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवास बंद म्हणून सांगितलं. बरं, मग आईने यावं. तिचा पासपोर्ट झाला, व्हिसाचे कागद यांनी लावले, आणि आमचे दादा, म्हणजे माझे वडील, गोठ्याच्या छपरावरची कौलं शाकारताना खाली पडले. मांडीचं हाड मोडलं. त्यांना पलंगाला खिळवून ठेवलेलं, उठवायला बसवायला आईच. तिचं येणं खलास. सासूबाईंचे गुडघे असे, की त्यांनाच कुणी धरून उठवावं लागे.

मी घाबरले. वरवर नाही, मुळापासून घाबरले. दुखण्याची भीती नव्हती तेवढी. भीती ही होती, की त्या वेळेला आपण 'आई गं' म्हणणार आणि ओ द्यायला कुणी नसणार. यांच्यासमोर रडले नाही, ते आधीच कावरेबावरे झाले होते. भांडं परत द्यायला म्हणून मी नदीवालीच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिथे बांध फुटला. तिने हातातलं सगळं ठेवलं, मला खुर्चीत बसवलं, बूट वाजवत दार लावून आली. मी हुंदके देत देत माहेर म्हणजे काय, पहिलं बाळंतपण म्हणजे काय, ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. न बोलता ऐकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग ती म्हणाली, "आमच्या गावात पाणी चढलं की पलीकडचं माणूस पलीकडे अडकतं. तेव्हा अलीकडे जी बाई असेल ती आई. त्यात विचारायचं काय? नदी भरलीय, एवढंच झालंय. उतरेल तेव्हा तुझी आई येईल. तोवर मी आहे."

आई तालुक्याला जाऊन पोस्टातून ट्रंककॉल लावायची. तिला मी हे सांगितलं. तिकडून आवाज चढला. कोण म्हणालीस? गोरी? तिला बाळाला तेल लावाय येतं का? टाळू भराय येती का? नदीवाली शेजारीच उभी होती. मी विचारलं. ती म्हणाली, ते येत नाही, पण गाईंची वासरं काढलीत. मी आईला तसंच सांगितलं. मग आई म्हणाली, "अडलेली काढलीत का, विचार." अडलेलीच, नदीवाली म्हणाली, सोपी असतील तर गाय मला कशाला बोलावेल?

"मग हरकत न्हाई," आई म्हणाली.

त्यानंतर आईचा प्रत्येक ट्रंककॉल म्हणजे शिकवणी. आई ओरडून सांगायची, मी इंग्रजीत सांगायचे, नदीवाली मान डोलवायची, आणि मध्येच लाइन कटायची. डिंक तुपात फुलवायचा एवढंच एकदा ऐकू आलं आणि पुढचं तुटलं. डिंक फुलताना बघून बाईला तिच्या गावच्या जत्रेतल्या मक्याच्या लाह्या आठवल्या, आणि तिने लगेच त्यावर मीठ भुरभुरलं. खारट डिंकाचे लाडू जगात फक्त मी खाल्लेत. अळीव कुठे मिळेना. माझ्या चोळीच्या खणात आईने पूर्वी कधी बांधून दिलेले चार दाणे सापडले, ते घेऊन ही घरमालकाच्या बायकोकडे गेली. ती म्हातारी दाणे बघून हसायलाच लागली. म्हणाली, हब्ब रशाद! त्यांच्याकडेही बाळंतिणीला तेच देतात, आणि तिच्या कोठीत बरणीभर होतं. नदीवाली बरणी छातीशी धरून पळत आली. मला बरणी दाखवून म्हणाली, बघ, समुद्राखाली का असेना, यांनाही नदी आहे म्हटलं नव्हतं मी?

आणि कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. हे बँकेत. नदीवालीने मला गाडीत घातलं. वाटेत तीच खोदलेली वाट आणि समोरून ट्रक. कळा सोसत मी मनात म्हटलं, मेले, आता ही त्याचं घर विचारत बसणार. तिने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. ट्रक मागे मागे गेला. "आज आपल्याला जास्त लांब जायचंय," ती म्हणाली. दवाखान्यात विचारलं, तुम्ही यांच्या कोण? तिने सांगितलं, आई. विचारणाऱ्या बाईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि नशीब की ड्यूटीवर लिलम्मा होती, ती म्हणाली, हो हो, आईच आहे, सोडा आत. आत मी 'आई गं' म्हणून किंचाळायचे आणि ती माझा हात धरून 'हो, हो' म्हणायची. तेवढं मराठी तिला कधी आलं होतं कोण जाणे. मुलगी झाली. सगळ्यात आधी तिने घेतली.

मग नदीवाली दिवसभर आमच्याच घरी. दारं-खिडक्या बंद, कानाला फडकं, ओव्याची धुरी. धुरीने बाई खोकून खोकून लाल व्हायची, पण हटायची नाही. पायांवर घेऊन आंघोळ घालायची म्हटल्यावर तिने बूट काढले. आत पाय एवढे गोरे की बाळाचा आणि तिचा रंग एक. पहिल्या दिवशी तांब्या धरू की पोरगी अशी गत, आठवड्याभरात गडी तयार. तेल लावताना पोरीला गाव सांगायची. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवत म्हणायची, ही नदी. कपाळावर पोस्ट, नाकावर पूल, गालावर दुकान. पोरगी टुकुटुकु बघायची. संध्याकाळचं जेवण गल्लीतल्या एकेका घरातून यायचं, तिने तसं लावूनच दिलं होतं. घरमालकाकडचा गहू-मटणाचा हरीस, लिलम्माची कांजी. नकार द्यायची कुणाची टाप नव्हती.

बारसं झालं. पाळणा तिच्या नवऱ्याने यंत्रांच्या खोक्यांच्या लाकडाचा केला होता, असा गुळगुळीत की हात फिरवत राहावा. पोरीचं नाव नदीचं ठेवायचं हे ठरलेलंच होतं. वाद एवढाच, की कुठल्या. माझी कृष्णा, लिलम्माची पंपा, आणि नदीवालीच्या नदीचं नाव तर उच्चारतानाच पोरीला शिंक आली. शेवटी कावेरी ठेवलं, कारण ती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

कावेरी चार महिन्यांची झाली आणि आईचा व्हिसा आला. दादा काठी घेऊन चालायला लागले होते. मी आनंदाने नाचले. नदीवालीनेही टाळ्या वाजवल्या, म्हणाली, चला, पाणी उतरलं. पण त्यानंतरचे दिवस तिचं बोलणं कमी झालं. आंघोळ घालून झाल्यावरही ती पोरीला पुसत बसायची, कोरडी झाली तरी पुसायची.

आई आली. पत्र्याची ट्रंक, तीत मेथ्या, सुंठ, बाळंतकाढ्याच्या पुड्या, अर्ध्याअधिक वस्तूंची वेळ टळून गेलेली. आल्या आल्या घर ताब्यात. डबे कुठे ठेवतात, पातेलं कसं घासतात, सगळं माझं चुकलेलं. मी ऐकत होते आणि सुखाने भरून येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात पाटावर बसली, पाय लांब केले, पोरीला पायांवर घेतली. आणि तेवढ्यात मागच्या दाराने नदीवाली आली, खांद्यावर टॉवेल टाकून, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी. दारात आली आणि थबकली. आईला बघून तिने टॉवेल खांद्यावरून काढला, घडी घातली, काहीतरी पुटपुटली आणि वळली.

माझा जीव खालीवर. हिला थांब म्हणावं तर आईचा मान जातो, आणि जाऊ द्यावं तर कुठल्या तोंडाने? आणि आमच्या आईचा स्वभाव! साध्या हळदीकुंकवाला कुणी तिच्या आधी वाटी उचलली तर ती घरी येऊन दोन दिवस धुमसायची.

आईने तिच्याकडे बघितलंही नाही. ती पोरीला चाचपत होती. डोक्यावरून तळवा फिरवला, टाळूवर बोटं ठेवली, दंड दाबले, मांड्या दाबल्या, पालथी घालून पाठ बघितली. बराच वेळ लावला. मग म्हणाली, "तिला म्हणावं, डोकं गोल बसलंय." मी सांगितलं. "टाळू भरलीय म्हणावं." तेही सांगितलं. नदीवाली दारातच उभी. आई पोरीला घेऊन पाटावरून उठली आणि पाट पायाने तिच्याकडे सरकवला. "बस म्हणावं. माझं पाय पोरीला नवं हायत, रडंल. मी पाणी घालती."

नदीवाली बसली. आई तांब्याने पाणी घालायला लागली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण कधी मान धरायची आणि कधी कान झाकायचे यात एकदाही चूक झाली नाही. मी उंबऱ्यात उभी राहून डोळे पुसत होते, आणि आई मला म्हणाली, रडतीस काय, टॉवेल आण.

पोरीला गुंडाळल्यावर आईने विचारलं, हिची आई हाय का गं? मी नदीवालीला विचारलं. ती सहज बोलावं तसं म्हणाली, आई नाही, मला आठवतही नाही एवढी लहान होते. मला गावाने वाढवलं. रोज संध्याकाळी एकेका घरी जेवायचं. म्हणून तर गावातलं कुठलंही भांडं कुणाच्या घरचं ते मी अजून ओळखते.

मला एवढे दिवस हे माहीत नव्हतं. सगळं गाव सांगितलं, न्हावी सांगितला, पूल सांगितला, आणि हे सांगायचं राहिलं होतं. मी आईला मराठीत सांगितलं. आई तांब्या पालथा घालत होती. म्हणाली, "म्हंजे हिचं माहेरपण कुणी केलंच न्हाई." मग हात पुसून माझ्याकडे वळली. "फुडच्या उन्हाळ्यात येशील तवा हिला घिऊन ये. माहेरपणाला."

मी सांगितलं. नदीवालीला नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं. तिने विचारलं, किती दिवसांसाठी?

"माहेरपणाचं दिवस मोजत्यात व्हय?" आई म्हणाली.

आणि आली ती! नवऱ्याला पुलाच्या कामावर ठेवून, आमच्याबरोबर विमानाने मुंबई, तिथून एस.टी.ने आमच्या गावी. आईने तिला पुरणपोळी घातली, डोक्याला तेल लावलं, दुपारी पांघरूण घालून निजवलं. कुठल्या कामाला हात लावू दिला नाही. तिने पारावरच्या म्हाताऱ्यांशी वाद घातला, की कुणाच्या नदीचा पूर मोठा, आणि दोन्ही बाजूंनी पुराची उंची रोज वाढत गेली. दादा मध्ये दुभाष्या म्हणून बसायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

कावेरीला घेऊन पहिल्यांदाच आले होते, म्हणून एका सकाळी कृष्णेची ओटी भरायला आम्ही घाटावर गेलो. गल्लीतल्या दहाबारा बायका बरोबर. नदीची ओटी झाली. मग लेकीची ओटी भरायची म्हणून वरच्या आळीच्या काकू खण-नारळ आणि तांदळाचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी आईला विचारलं, ही गोरी बाई कोण म्हणायची तुमची?

आमची आई तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असेल. नदीवाली तिच्यापेक्षा चांगली आठ-नऊ वर्षांनी मोठी. आईने डोळा न लववता सांगितलं, "थोरली माझी."

बायकांनी नदीवालीच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, आईच्या काळ्याभोर अंबाड्याकडे बघितलं. एकीने तोंडाला पदर लावला. पण काकू जुन्या माणूस. मी पुढे होऊन पदर पसरला होता, तर त्यांनी मला हाताने बाजूला केलं. म्हणाल्या, "थांब गं. थोरली असताना धाकटीची आधी कशी भरू?"

मी गपगुमान मागे सरकले. नदीवालीला काय चाललंय ते कळेना, मी तिला सांगितलं, आणि ती पुढे आली. अंगात पुरुषी सदरा. ओटी घ्यायची कशात? पदर कुठाय? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आपल्या लुगड्याचा पदर तिच्या दोन्ही हातांत दिला. काकूंनी त्यात खण घातला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. ओटी भरून झाली. बायका पायऱ्या चढून वर निघाल्या, आई म्हणाली, चल आता. पण तिने आईचा पदर सोडला नाही. तशीच पदराला धरून ती आईच्या मागोमाग घरापर्यंत आली.